खालच्या सुरांसाठी गिटारचा सेटअप : सोलापूरच्या पूर्व भागातील एका कारागिराचे काम

इलेक्ट्रिक गिटारच्या खुंट्या सैल केल्या की सूर खाली येतो, पण वाद्य त्या सुराला तयार होत नाही. तारा लोंबू लागतात, सर्वांत जाड तार फ्रेटवर, म्हणजे नेकवरच्या (गिटारच्या दांडीवरच्या) आडव्या धातूच्या पट्टीवर, आपटून खरखरते, जोरात छेडली की तिचा सूर क्षणभर वर चढतो आणि मग घसरतो, आणि बाराव्या फ्रेटवर दाबलेला सूर मोकळ्या तारेच्या सुराशी जुळत नाही. ड्रॉप सी किंवा ड्रॉप बी अशा, म्हणजे सर्वांत जाड तार सी किंवा बी सुरापर्यंत उतरवलेल्या, खालच्या ट्यूनिंगमध्ये वाजवायचे असेल, तर जाड तारा, त्यांना बसतील अशा नटच्या (खुंट्यांकडच्या टोकाला तारा ज्यावर टेकतात त्या पट्टीच्या) खाचा, बदललेला ताण तोलणारा ट्रस रॉड (नेकच्या आतली लोखंडी सळई), मागे सरकवलेली सॅडल (दुसऱ्या टोकाला तार जिथे टेकते तो भाग) आणि पिकअपची (तारेचे कंपन टिपणाऱ्या चुंबकाची) नवी उंची हे सगळेच पुन्हा जुळवून घ्यावे लागते. हे काम, म्हणजे सेटअप, सोलापुरात नीट होते का, असे अनेक तरुण वादक मला विचारतात. साखर पेठेच्या बाजूला असलेल्या एका लहानशा दुरुस्तीच्या दुकानात मी माझी गिटार ड्रॉप सीसाठी करून घेतली, आणि त्या कामाविषयी सविस्तर लिहिणे मला आवश्यक वाटते, कारण ते माझ्या अपेक्षेपेक्षा बरेच चांगले झाले आहे आणि त्याच्या मर्यादाही वादकांना आधी ठाऊक असलेल्या बऱ्या.

दुकानावर ‘हार्मोनियम, तबला, गिटार दुरुस्ती’ एवढीच पाटी आहे. मालकाचे नाव तिच्यावर नाही. त्या बोळात सगळे त्यांना अण्णा म्हणतात आणि मीही तसेच म्हणतो. त्यांचा मूळ हात हार्मोनियमच्या स्वरपट्ट्यांवर बसलेला आहे, आणि तरुणपणी काही वर्षे त्यांनी मिरजेत तंतुवाद्यांच्या कामावर काढली आहेत. मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले, पण तिथल्या कारागिरीचा दबदबा त्याच्या कितीतरी पिढ्या आधीपासूनचा आहे. अण्णांच्या कामात ती शिस्त जागोजागी दिसते. इलेक्ट्रिक गिटार त्यांच्याकडे नंतर आली. शहरातील ऑर्केस्ट्रांच्या गिटारी दुरुस्त करता करता ते त्यात उतरले, आणि आता कॉलेजातील मुले मेटल वाजवण्यासाठी गिटारी घेऊन येतात तेव्हा ते त्याच गांभीर्याने त्या हातात घेतात.

गिटार पिशवीतून बाहेर काढण्याआधीच त्यांनी मला विचारले, “खाली उतरवायची म्हणता, पण किती खाली ओ? तेवढं आधी सांगा, मग पुढचं बोलू.” मला हा प्रश्न या साऱ्या व्यवहारातील सर्वांत महत्त्वाचा वाटतो. सेटअप करणारा माणूस जर हे न विचारताच गिटार ठेवून घेत असेल, तर तो ती नेहमीच्या ई ट्यूनिंगला जुळवून परत देणार, हे जवळजवळ ठरलेले असते. पुण्यातील एका दुकानात माझ्या गिटारचे असेच झाले होते: पावतीवर ड्रॉप सी असे लिहिलेले असूनही ती ई मध्ये आणि पातळ तारांवर जुळवून परत आली, आणि घरी सूर उतरवल्यावर पहिल्या पाच फ्रेटांवर एकही सूर स्वच्छ वाजेना. मी ड्रॉप सी म्हटल्यावर अण्णांनी प्रत्येक तारेचा सूर विचारून घेतला आणि कामाच्या फळीवर खडूने जाड तारेपासून पातळ तारेपर्यंत आकडे लिहिले: १, ५, १, ४, ६, २. पांढरी एक, पांढरी पाच, पुन्हा पांढरी एक, पांढरी चार, सहा आणि दोन. म्हणजेच सी, जी, सी, एफ, ए, डी. हार्मोनियमवाल्याच्या हिशेबात संपूर्ण ट्यूनिंग एका ओळीत मावले. खालच्या तीन तारा म्हणजे खर्जातला षड्ज, त्याचा पंचम आणि वरचा षड्ज, हे लक्षात आल्यावर त्यांचा चेहरा खुलला आणि पुढचे सारे काम त्यांनी तो पंचम स्थिर राहावा या एका ध्येयाने केले.

येथे ताणाचा हिशेब थोडा उलगडून सांगितला पाहिजे, कारण बहुतेक चुकीच्या सेटअपचे मूळ तिथेच आहे. तारेची लांबी आणि जाडी तीच ठेवली, तर तिचा ताण तिच्या कंपनसंख्येच्या वर्गाच्या प्रमाणात बदलतो. सूर एक पूर्ण स्वर, म्हणजे दोन अर्धस्वर उतरवला तर ताण सुमारे २१ टक्क्यांनी घटतो. चार अर्धस्वर उतरवला तर सुमारे ३७ टक्क्यांनी. ड्रॉप सीमध्ये वरच्या पाच तारा दोन अर्धस्वर उतरतात, पण सर्वांत जाड सहावी तार ई वरून थेट सी वर, म्हणजे चार अर्धस्वर उतरते; तिची कंपनसंख्या सेकंदाला ८२.४ वरून ६५.४ वर येते. २५.५ इंच स्केलच्या (नटपासून सॅडलपर्यंतच्या तारेच्या लांबीच्या) गिटारवर ४६ ची, म्हणजे ०.०४६ इंच जाडीची, तार ई मध्ये साधारण ८ किलो ताण देते. तीच तार सी मध्ये ५ किलोवर येते. एवढ्या सैल तारेवर पिक जोरात मारला की ती फ्रेटवर आपटणारच. म्हणून खालच्या ट्यूनिंगचा संच निवडताना केवळ ‘जाड तारा’ असे म्हणून भागत नाही. सहावी तार बाकीच्या तारांच्या मानाने अधिक जाड असली पाहिजे. ५६ ची तार सी मध्ये ७ किलोच्या थोडी वर जाते, ६० ची तार पुन्हा ८ किलोच्या आसपास पोहोचते.

अण्णांचा कल ५६ कडे होता. त्यांचे म्हणणे असे की तार जितकी जाड, तितकी ती दांड्यासारखी वागते, तिच्यातले वरचे नाद बेसूर होत जातात आणि सूर मंद वाटतो. हे भौतिकदृष्ट्या खरे आहे. जाड तारेचा ताठरपणा तिच्या वरच्या नादांना गणिती जागेवरून वर ढकलतो. तरीही मी १२-६० चा (सर्वांत पातळ तार १२ ची, सर्वांत जाड ६० ची) संच घेऊन गेलो होतो आणि त्यावर ठाम राहिलो, कारण उजव्या हाताने दाबून, वेगाने, एकसारखे वाजवताना ५६ ची तार मला मऊ लागते. हा वाद मी मुद्दाम नोंदवतो आहे, कारण ज्यांचा हात हलका आहे त्यांनी अण्णांचे ऐकावे असे माझे मत आहे. ज्यांच्या गिटारचे स्केल २४.७५ इंच आहे त्यांनी मात्र ५६ चा विचारही करू नये; त्या लांबीवर तोच सूर सुमारे ६ टक्के कमी ताणात वाजतो. २७ इंचाच्या बॅरिटोनवर, म्हणजे खालच्या सुरांसाठीच्या लांब गिटारवर, हिशेब उलटा होतो आणि १२ टक्के ताण वाढतो, त्यामुळे तिथे ५६ पुरेशी असते.

या हिशेबातून आणखी एक गोष्ट निघते, आणि ती वादकांना सहसा उलटी वाटते. सूर खाली नेला म्हणजे नेकवरचा भार कमी झाला, असे सर्वांना वाटते. तारा त्याच ठेवल्या तर ते खरेही आहे. माझ्या गिटारवर कारखान्यातून ९-४२ चा संच आला होता आणि त्याचा ई ट्यूनिंगमधील एकूण ताण सुमारे ३८ किलो असतो. १२-६० चा संच ड्रॉप सीमध्ये लावल्यावर एकूण ताण ५५ किलोच्या आसपास जातो. सूर उतरला, पण नेकवरचा भार जवळजवळ दीडपट झाला. ब्लॅक सॅबथ या बँडचे गिटारवादक, बर्मिंगहॅमच्या टोनी आयोमी यांनी सूर उतरवले ते नेमके विरुद्ध कारणासाठी: कारखान्यातील अपघातात त्यांच्या उजव्या हाताच्या दोन बोटांची टोके तुटली होती, ते डावखुरे असल्याने तोच हात तारा दाबणारा होता, आणि तार दाबताना त्रास कमी व्हावा म्हणून त्यांना सैल तारा हव्या होत्या. १९७१ पर्यंत ते तीन अर्धस्वर खाली उतरले होते. आज त्या नादावर पोसलेल्या वादकांना सूर खालचा हवा असतो, पण तार घट्ट हवी असते. साऱ्या सेटअपची अडचण या मागणीत आहे.

आता प्रत्यक्ष कामाकडे येतो. सर्वांत चांगले काम नटचे झाले, आणि सामान्यतः सर्वांत जास्त दुर्लक्ष त्याकडेच होते. ९-४२ च्या तारांसाठी कोरलेल्या खाचेत ६० ची तार बसत नाही. ती खाचेच्या वरच्या कडांवर टेकून राहते. त्यामुळे पहिल्या काही फ्रेटांवर तार उंच राहते, दाबताना ताणली जाऊन सूर चढतो, आणि खुंटी फिरवताना तार खाचेत अडकून मग ‘टिंग’ असा आवाज करीत एकदम सरकते. अण्णांकडे परदेशी नट-कानशींचा पूर्ण संच नाही. त्यांच्याकडे काही बारीक कानशी आहेत आणि उरलेल्या जाडीसाठी ते जुन्या वेटोळ्याच्या तारेवर पॉलिश पेपर गुंडाळून तिचीच कानस करतात. मी शेजारी बसून हे काम पाहिले. ते खाचेत दोन-तीन वेळा कानस ओढत, भुकटी फुंकत, तार बसवत, सुरात आणत, तिसऱ्या फ्रेटवर दाबून पहिल्या फ्रेटच्या वर तिला बोटाच्या नखाने हलकेच टकटक करत आणि कान देत. तिथे तार आणि फ्रेट यांच्यात कागदाइतकी फट राहिली पाहिजे. फट नसेल तर मोकळी तार खरखरते आणि जास्त असेल तर पहिल्या फ्रेटवरचे सूर चढे लागतात. खाचेचा तळ त्यांनी खुंटीच्या दिशेला किंचित उतरता ठेवला, म्हणजे तार नटच्या फ्रेटकडील कडेवरच टेकते आणि तिची लांबी तिथूनच मोजली जाते. शेवटी शिसपेन्सिलीची पूड खाचेत भरली. एकेका खाचेला त्यांनी दिलेला वेळ पाहता, हे काम घाईच्या दिवशी त्यांच्याकडे नेऊ नये. त्यानंतर माझ्या गिटारची एकही तार खुंटी फिरवताना अडकलेली नाही.

तार बसवतानाची त्यांची एक सवय प्रत्येकाने उचलावी अशी आहे. वेटोळ्याची जाड तार खुंटीपाशी कापण्याआधी ते ती पकडीने काटकोनात वाकवतात आणि मगच वाकलेल्या भागापलीकडे कापतात. तसे केले नाही तर बाहेरचे वेटोळे आतल्या तारेवरून सैल सुटू शकते, तार नवी असूनही बोथट वाजते, आणि वादक विनाकारण पिकअपला दोष देत बसतो.

ट्रस रॉडचे काम तुलनेने सोपे आहे आणि ते त्यांनी सरळपणे केले. नव्या तारा नव्या सुरात आणल्याखेरीज त्यांनी रॉडला पाना लावला नाही, आणि लावला तेव्हा एका वेळी पाव फेऱ्यापेक्षा जास्त फिरवला नाही. वाढलेल्या ताणाने नेक पुढे वाकली होती, ती रॉड आवळून त्यांनी सरळ केली आणि पहिला व शेवटचा फ्रेट दाबून मधल्या फ्रेटवर फीलर गेजने फट मोजली. मोटारसायकलच्या टॅपेटसाठी मेकॅनिक वापरतात तेच हे पात्यांचे गेज असते आणि सोलापुरात कोणत्याही ऑटो पार्ट्सच्या दुकानात मिळते. त्यांनी ०.३० मिलिमीटर फट ठेवली. नेहमीच्या ट्यूनिंगसाठी साधारण ०.२५ फट ठेवतात. खालच्या सुरात तारेचे हेलकावे मोठे असल्याने थोडी जास्त फट योग्यच आहे. बाराव्या फ्रेटवर जाड तारेची उंची २ मिलिमीटर आणि पातळ तारेची १.६ मिलिमीटर आली. याहून खाली आणावी असा आग्रह काही जण धरतात. ड्रॉप सीमध्ये तो हट्ट धरू नये असे मला वाटते.

खरखर कुठून येते हे शोधण्याची त्यांची पद्धत मी अन्यत्र पाहिलेली नाही. शेजारी यंत्रमाग चालू असतात आणि दिवसभर त्यांची खडखड चालते, त्यामुळे नुसत्या कानाने बारीक खरखर ऐकू येणे अशक्य आहे. अण्णा गिटारचे डोके जबड्याच्या हाडाला टेकवतात, डोळे मिटतात आणि एकेक फ्रेट दाबत जाड तार वरपर्यंत वाजवत नेतात. लाकडातून हाडात आलेला आवाज मागांच्या आवाजाला बाजूला सारतो. त्यांनी मलाही तसे करायला लावले, तेव्हा सातव्या फ्रेटवरची खरखर प्रत्यक्षात नवव्या फ्रेटच्या टोकावर उठते आहे, हे मला स्पष्ट कळले. तो फ्रेट एका बाजूला किंचित वर आलेला होता; त्यांनी तो ठोकून बसवला आणि माथा हलक्या हाताने घासला.

या कौशल्याचा उगम मिरजेत आहे, यात मला शंका नाही. सतारीची किंवा तंबोऱ्याची जवारी लावणे म्हणजे तार घोडीच्या सपाट माथ्यावर किती अंतर आणि किती हलकेच स्पर्श करील हे कानसेने ठरवणे. तो झंकार हवा असतो, आणि हवा तेवढाच हवा असतो. ज्याने हा झंकार निर्माण करायला शिकले आहे, त्याला तो कुठे आणि का निर्माण होतो हे ठाऊक असते, आणि म्हणून नको तिथून तो काढताही येतो. गिटारच्या कार्यशाळांमध्ये शिकलेले तंत्रज्ञ मोजमापात अण्णांपेक्षा काटेकोर असतील, परंतु खरखरीचे निदान करण्यात त्यांच्याइतका तयार माणूस मला भेटलेला नाही.

सॅडलच्या कामात आमचे थोडे मतभेद झाले. बाराव्या फ्रेटवर दाबलेला सूर तिथल्याच हार्मोनिकपेक्षा (तार न दाबता नुसत्या स्पर्शाने निघणाऱ्या सुरापेक्षा) चढा असेल, तर सॅडल मागे घेऊन तारेची लांबी वाढवावी लागते. जाड आणि ताठर तारेला ही भरपाई अधिक लागते, त्यामुळे ६० च्या तारेचे सॅडल ब्रिजच्या (सॅडल ज्यावर बसतात त्या भागाच्या) मागच्या टोकापर्यंत गेले आणि तरीही सूर थोडा चढाच राहिला. अण्णांनी सॅडलमागची छोटी स्प्रिंग काढून टाकली आणि त्यातून दोनेक मिलिमीटर जागा मिळवली. ताणामुळे सॅडल जागच्या जागी राहते, त्यामुळे हा उपाय सुरक्षित आहे. मतभेद पुढच्या टप्प्यावर झाला. मी सोबत नेलेल्या स्ट्रोब ट्यूनरवर (सूर अचूक मोजणाऱ्या यंत्रावर) दोन्ही सूर तंतोतंत जुळत असतानाही त्यांनी सॅडल आणखी किंचित मागे घेतले. त्यांचा युक्तिवाद असा की ट्यूनर हळू छेडलेली तार मोजतो, पण मी वाजवताना तार जोरात मारणार आहे आणि जोरात मारलेली तार चढी वाजते. तेव्हा सूर मारलेल्या तारेचा जुळला पाहिजे. मी घरी डिस्टॉर्शन (आवाज मुद्दाम फाटका करणारा परिणाम) लावून तपासले तेव्हा त्यांचे म्हणणे पटले. डिस्टॉर्शनमध्ये षड्ज आणि पंचम यांच्यात जराही फरक असला तर आवाजात एक संथ डोल येतो. त्यांच्या सेटिंगवर जोरात वाजवलेल्या पॉवर कॉर्डमध्ये, म्हणजे षड्ज-पंचमाच्या जोडीत, तो डोल जवळजवळ नाही. मात्र हळुवार, स्वच्छ आवाजात वरच्या फ्रेटांवर वाजवताना सहावी तार थोडी उतरी लागते. जो वादक एकाच गिटारवर दोन्ही प्रकार वाजवतो, त्याने हे त्यांना आधीच सांगून ठेवावे.

पिकअपच्या बाबतीत त्यांचे काम अपुरे वाटले. जाड तार चुंबकाच्या फार जवळ असली की आवाज गढूळ होतो, आणि चुंबकाची ओढ तारेच्या कंपनात अडथळा आणून सूर डळमळवते. त्यामुळे खालच्या ट्यूनिंगमध्ये पिकअपची जाड तारेकडची बाजू खाली घ्यावी लागते. अण्णांनी ती घेतली, पण त्यांच्याकडे सरावाचा छोटा अँप्लिफायर आहे आणि त्याच्या स्पीकरमधून खर्जाचा हा भाग नीट ऐकूच येत नाही. घरी मी ती आणखी खाली नेली आणि शेवटचा फ्रेट दाबून जाड तारेखाली ३ मिलिमीटर अंतर ठेवले, तेव्हा आवाजाला कड आली. इलेक्ट्रॉनिक्सच्या कामाला ते स्वतःहून नकार देतात. आवाजाची बटणे (पॉट), स्विच आणि सोल्डरिंगचे काम ते करीत नाहीत, हे त्यांनी आधीच स्पष्ट सांगितले.

त्यांचा दुसरा नकार अधिक महत्त्वाचा आहे. फ्लॉइड रोझसारखा तरंगता ब्रिज असलेली गिटार ते या कामासाठी स्वीकारत नाहीत. तशा ब्रिजमध्ये एका बाजूने तारांचा ताण आणि दुसऱ्या बाजूने पाठीमागच्या स्प्रिंगांचा ताण एकमेकांना तोलून धरतात. संच बदलला की तो तोल ढळतो, स्प्रिंगा वाढवाव्या लागतात, आणि एक तार जुळवली की बाकीच्या पाच सुटतात. हे काम जमते, पण वेळखाऊ आहे आणि त्यासाठीच्या जादा स्प्रिंगा व लॉकिंग नटचे भाग त्यांच्याकडे नसतात. त्यांनी नकार देणे मला प्रामाणिकपणाचे वाटते. ज्यांना मुख्यतः खालच्या ट्यूनिंगमध्येच वाजवायचे आहे, त्यांनी स्थिर ब्रिजची गिटार घ्यावी हा माझा सल्लाही त्यातून आपोआप येतो.

सोलापूरच्या हवेचा विचार केल्याशिवाय हे परीक्षण पुरे होणार नाही. वैशाखात पारा ४० च्या पुढे जातो, हवा कोरडी ठणठणीत होते, लाकूड आक्रसते आणि फ्रेटची टोके नेकच्या कडेने हाताला बोचू लागतात; पावसाळा लागला की तेच लाकूड पुन्हा फुगते. उन्हाळ्यात बसवलेला सेटअप श्रावणात तसाच राहील अशी अपेक्षा कोणी ठेवू नये, आणि ५५ किलो ताण असलेल्या नेकच्या बाबतीत तर मुळीच नाही. अण्णांनी मृगानंतर गिटार पुन्हा दाखवायला सांगितले आणि दाखवल्यावर रॉडचा छोटासा फेरा देऊन नेक पुन्हा बसवली. त्याचे पैसे घेतले नाहीत. ही गोष्ट मला मोलाची वाटते, कारण कुरिअरने दूरच्या शहरात गिटार पाठवणाऱ्याला हा दुसरा हात कधीच मिळत नाही.

संपूर्ण सेटअपचे त्यांनी ८०० रुपये घेतले आणि नटच्या खाचांचे ३०० रुपये वेगळे. पावती मिळत नाही, कामाची नोंद एका वहीत होते आणि दिलेली तारीख थोडी पुढे सरकू शकते. कार्यक्रम तोंडावर असेल तर धोका पत्करू नये. ज्यांच्याकडे पाना, फीलर गेज आणि थोडा संयम आहे, त्यांना ट्रस रॉड, तारेची उंची आणि सॅडल ही कामे घरी शिकता येतील, आणि ती शिकावीतच. नटसाठी मात्र त्यांच्याकडे जावे. चुकीची कोरलेली खाच नीट भरून येणे अवघड असते, बहुधा नट नवा घालावा लागतो, आणि कानशींचा चांगला संच घेण्याचा खर्च एका गिटारसाठी परवडणारा नाही.

तारा त्यांच्याकडे मिळत नाहीत, म्हणून आपण जो संच कायम वापरणार आहोत त्याच जाडीचे दोन संच सोबत न्यावेत. खाचा कोरताना एक संच खराब होतो आणि शेवटची जुळवणी कोऱ्या तारांवरच व्हायला हवी. स्वतःचा पिकही न्यावा आणि त्यांच्यासमोर आपण जसे वाजवतो तसे, तेवढ्याच जोरात, वाजवून दाखवावे. तारेची उंची आणि सॅडलची जागा ते त्या हाताकडे पाहून ठरवतात.